हजेरीच्या मस्टरपासून एचआर मॅनेजरच्या खुर्चीपर्यंत

"मला माणसांशी बोलायला आवडतं, म्हणून एचआर." मुलाखतीला आलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलामुलीकडून हे वाक्य मी ऐकते. त्यावर माझा एक ठरलेला प्रश्न असतो. एका कामगाराचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला २०,८०० रुपये आहे, त्यानं या महिन्यात १० तास ओटी (ओव्हरटाइम) केला, तर ओटीचे किती द्यायचे? बहुतेक जण छताकडे बघतात. हिशेब सोपा आहे. २६ दिवस गुणिले ८ तास म्हणजे २०८ तास, तासाला १०० रुपये, ओटीचा दर दुप्पट म्हणून २००, दहा तासांचे २,०००. माणसांशी बोलायची आवड असणं चांगलंच. पण ज्याचे दोन हजार चुकले आहेत, तो तुमच्याशी फार वेळ गोड बोलत नाही.

हा लेख ज्यांना एचआरमध्ये यायचंय आणि पुढे मॅनेजर व्हायचंय त्यांच्यासाठी आहे. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर-अंबड, बुटीबोरी किंवा गोव्यातलं वेर्णा अशा औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांच्या बाजूनं मी लिहितेय, कारण माझं आयुष्य तिथंच गेलं. आयटीतल्या एचआरचं थोडं शेवटी येईल.

हे पद आलं कुठून

एवढा इतिहास माहीत हवा, कारण कामाचा गाभा त्यात आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत भरती करायचा तो जॉबर. सकाळी गिरणीच्या दारात उभ्या गर्दीतून तोच माणसं उचलायचा, तोच काढायचा, आणि त्याची दस्तुरी, म्हणजे दलाली, घ्यायचा. १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशननं १९३१च्या अहवालात सुचवलं की भरतीचं काम जॉबरकडून काढून घ्या आणि लेबर ऑफिसर नेमा. पुढे १९४८च्या फॅक्टरी अ‍ॅक्टनं ५०० कामगारांच्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर, म्हणजे कामगार कल्याण अधिकारी, सक्तीचा केला. १९७०च्या दशकात लार्सन अँड टुब्रोमध्ये उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांच्या सल्ल्यानं एचआरडीचा (मनुष्यबळ विकासाचा) वेगळा विभाग उभा राहिला, आणि हळूहळू 'पर्सोनेल'च्या पाट्या उतरून 'एचआर'च्या लागल्या.

जॉबर मात्र गेलेला नाही. तो आता कंत्राटदाराचा सुपरवायझर म्हणून गेटवर असतो आणि जॉइनिंगसाठी पैसे घेतो. नव्या माणसाला आठवडाभरानं एकट्याला बाजूला घेऊन "इथं लागायला कुणाला काही द्यावं लागलं का?" हे विचारायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

पायरी पहिली: एक अख्खा महिना समजून घ्या

एचआरचं काम कळायचं तर महिन्याचं चक्र कळलं पाहिजे. बऱ्याच कारखान्यांत हजेरी २१ तारखेपासून पुढच्या २० तारखेपर्यंत धरतात. २१ला टाइम ऑफिस, म्हणजे हजेरी सांभाळणारा विभाग, हजेरी बंद करतं. पुढचे तीन-चार दिवस दुरुस्त्यांचे: कुणाचं पंचिंग राहिलंय, कुणाची रजा मंजूर आहे पण भरलेली नाही, कुणाच्या ओटीवर सुपरवायझरची सही नाही. मग कपाती येतात. कॅन्टीन, पतसंस्थेचा हप्ता, अ‍ॅडव्हान्स. २८च्या आसपास पगारपत्रक तयार होतं, फायनान्स ते तपासतं, आणि पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत खात्यावर पडायलाच हवा. १५ तारखेपर्यंत पीएफ आणि ईएसआयचं (कामगार विम्याचं) चलन. व्यावसायिक कर महाराष्ट्रात महिन्याला २००, पण फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५०० होतात. दर मार्चमध्ये "मागच्या महिन्यात शंभर रुपये जास्त का कापले?" असं विचारत कुणीतरी येतंच. कामगार कल्याण निधी जून आणि डिसेंबरला.

पहिल्या वर्षी मी एका सुट्या भागांच्या कारखान्यात टाइम ऑफिसला होते. तिसऱ्या पाळीतला माणूस रात्री आत येताना पंच करतो आणि सकाळी बाहेर जाताना, म्हणजे तारीख बदलल्यावर. सॉफ्टवेअरमध्ये पाळीची वेळ टाकताना मी एक खूण करायला विसरले आणि अख्ख्या तिसऱ्या पाळीची चार दिवसांची हजेरी अर्धवट दिसली. मी ती बघितली नाही, पगार निघाला. सकाळी साडेसातला एक जुने कामगार, ज्यांना सगळे नाना म्हणायचे, पगाराची चिठ्ठी चार घड्या घालून खिशात घेऊन आले. "मॅडम, माझी चार रात्रींची हजेरी कुठं गेली?" मी म्हटलं, "नाना, बघते." ते म्हणाले, "बघा, पण खुर्चीवरून उठून बघा." त्या दिवशी मी तिसऱ्या पाळीच्या सुपरवायझरची वही आणि मशीनमधला डेटा शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवली. तेव्हापासून पगार निघण्याआधी प्रत्येक पाळीतली पाच नावं हातानं तपासते. आजही, जरी माझ्याखाली हे काम करणारी तीन माणसं आहेत.

म्हणून सांगते: पहिली नोकरी घेताना टाइम ऑफिस आणि पगारपत्रक मागून घ्या. 'एम्प्लॉयी एंगेजमेंट' असं भारी नाव असलेलं काम, ज्यात वाढदिवसाचे केक आणि दिवाळीची रांगोळी स्पर्धा असते, ते पहिल्या दोन वर्षांत टाळलेलं बरं. पगार बरोबर काढता येतो हे एकदा शॉपफ्लोअरला कळलं की पुढं तुम्ही दिलेली नोटिसही लोक वाचतात.

पायरी दुसरी: शिक्षण कुठलं

रस्ते चार-पाच आहेत आणि सगळे चालतात. राज्याच्या सीईटीमधून एमबीए एचआर. पुणे विद्यापीठाचा एमपीएम, म्हणजे पर्सोनेल मॅनेजमेंटची पदव्युत्तर पदवी. समाजकार्याची एमएसडब्ल्यू, पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेसारख्या ठिकाणी. परळच्या नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेतला मास्टर ऑफ लेबर स्टडीज. ही संस्था १९४७ची, पूर्वीची बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट. (लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली. रविवारची सुट्टी त्यांच्याच लढ्यातून १८९०मध्ये मिळाली. एचआरच्या माणसानं एवढं ऋण तरी माहीत ठेवावं.) देशपातळीवर मुंबईची टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) आणि जमशेदपूरची एक्सएलआरआय ही मोठी नावं. तिथून निघालेली मुलं थेट वरच्या पायरीवर लागतात, यात लपवण्यासारखं काही नाही.

पण घरची परिस्थिती बेताची असेल, खासगी एमबीएला काही लाख घालायचे म्हणजे शेत गहाण टाकायचं असेल, तर थांबा. पदवीनंतरचा एक वर्षाचा डीएलएल अँड एलडब्ल्यू, म्हणजे कामगार कायदे आणि कामगार कल्याणाचा डिप्लोमा, नोकरी करता करता होतो, फी कमी आहे, आणि कारखान्यातल्या मुलाखतीत त्याला वजन आहे. वेल्फेअर ऑफिसर हे कायद्यानं भरायचं पद असल्यामुळे त्यासाठी राज्य सरकारनं मान्य केलेली पदवी किंवा डिप्लोमाच लागतो. प्रवेश घेण्याआधी कॉलेजला लेखी विचारा, "हा कोर्स वेल्फेअर ऑफिसरच्या पात्रतेत धरतात का?" तोंडी "हो हो" म्हणणारी कॉलेजं मी पाहिली आहेत.

एलएलबी लगेच नको, पाच-सहा वर्षांनी करा. तेव्हा प्रत्येक कलमाला तुमच्या डोक्यात एक चेहरा असतो.

कॉलेज शिकवत नाही अशा दोन गोष्टी स्वतः शिका. एक, एक्सेल. व्हीलुकअप आणि पिव्हट टेबल येत नसेल तर पगारपत्रक तुमच्या हातात कुणी देणार नाही. दुसरी, मराठीत टाइप करणं आणि चांगलं पत्र लिहिणं. कामगाराला द्यायची नोटीस त्याला समजेल त्या भाषेत असावी लागते, आणि इंग्रजी माध्यमातून आलेल्या कितीतरी हुशार मुलांची इथंच गाडी अडते.

पायरी तिसरी: पहिले सहा महिने

पहिल्या महिन्यात सगळ्या पाळ्यांना एकेकदा जा. पहिली पाळी सुटताना गेटवर उभं राहा. बस कुठल्या थांब्यावर किती वेळ थांबते, कॅन्टीनला तिसऱ्या पाळीत गरम जेवण मिळतं की दुपारचंच, पाण्याच्या कूलरला ग्लास आहे का, हे डोळ्यांनी बघा. तक्रारींतल्या निम्म्या तरी याच असतात.

दुसरं काम पीएफच्या नोंदी दुरुस्त करायचं. हे कंटाळवाणं आहे, म्हणून कुणी करत नाही, म्हणून ते तुम्ही घ्या. आपल्याकडे नावांचा घोळ मोठा. आधारवर डी-एन-वाय लिहिलेला ज्ञानेश्वर बँकेत डी-वाय असतो आणि पीएफमध्ये जी-वाय. कुठं आडनाव आधी, कुठं वडिलांचं नाव गाळलेलं, लग्नानंतर बदललेलं नाव एकाच ठिकाणी बदललेलं. आधीच्या कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नाही. मग बहिणीच्या लग्नाला पीएफचे पैसे काढायला गेलेल्या पोराचा अर्ज नामंजूर होतो आणि तो तुमच्या टेबलापुढे उभा राहतो. जॉइनिंगच्याच दिवशी आधार, बँक पासबुक आणि यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. एका माणसाला दहा मिनिटं लागतात, आणि पुढची दहा वर्षं तो तुमचं नाव काढतो.

पायरी चौथी: कायदा, पण कामापुरता आणि पक्का

२१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुने केंद्रीय कामगार कायदे जाऊन चार कामगार संहिता लागू झाल्या: वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा, आणि व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य. जुनी पुस्तकं वाचून मुलाखतीला जाणाऱ्यांची इथं फजिती होते. कर्मचाऱ्यांच्या संख्येचे आकडे बदलले आहेत. वेल्फेअर ऑफिसर पूर्वी ५०० कामगारांना होता, आता २५०ला. कॅन्टीनची सक्ती २५० वरून १०० वर आली. २० किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती हवी. स्टँडिंग ऑर्डर्स, म्हणजे नोकरीच्या अटी आणि शिस्तीचे लेखी नियम, ३०० कामगारांपासून. प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यावंच लागतं. "कॅज्युअल आहे, लेटर कशाला" हे दिवस संपले.

सगळ्यात मोठा बदल वेतनाच्या व्याख्येत आहे. मूळ पगार कमी दाखवायचा आणि बाकी भत्त्यांत घालायचं ही जुनी युक्ती होती. आता भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरतात. ढोबळ उदाहरण घ्या. एकूण पगार ४०,०००, त्यात मूळ पगार १२,०००. दहा वर्षांनी ग्रॅच्युइटी जुन्या पद्धतीनं १२,००० भागिले २६ गुणिले १५ गुणिले १०, म्हणजे सुमारे ६९,२३०. आता वेतन २०,००० धरलं जाईल, म्हणजे सुमारे १,१५,३८४. एका माणसामागे ४६ हजारांचा फरक. ३०० माणसांच्या कारखान्यात हा आकडा फायनान्सच्या आधी तुमच्याकडे असला पाहिजे. ठरावीक मुदतीच्या करारावरच्या माणसाला आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळते, पाच वर्षं थांबायची गरज नाही.

राजीनामा दिलेल्या किंवा काढलेल्या माणसाचं थकलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं, हे वेतन संहितेत आहे. आपल्याकडे फुल अँड फायनलला, म्हणजे शेवटच्या हिशेबाला, ४५ दिवस लावायची रीत होती: स्टोअरची सही, आयटीची सही, सेफ्टी शूज परत. ही क्लिअरन्सची साखळी आता शेवटच्या दिवसाच्या आठवडाभर आधीच सुरू करावी लागते.

पीएफ आणि ईएसआयचा हिशेब बोटांवर हवा. १५,००० वेतनावर कामगाराचे १२ टक्के म्हणजे १,८००, कंपनीचेही १,८००. कंपनीच्या वाट्यातले १,२५० पेन्शनला जातात, ५५० पीएफला. ईएसआय २१,००० पर्यंतच्या वेतनाला: १८,००० वर कामगाराचे १३५ आणि कंपनीचे ५८५. कामगाराचं वेतन मध्येच २१,०००च्या वर गेलं तरी एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्चचा तो सहामाही टप्पा संपेपर्यंत कपात चालूच ठेवायची. ती मध्येच बंद करणं ही नवख्यांची नेहमीची चूक. नेमकं त्याच महिन्यात त्याच्या बायकोचं बाळंतपण निघतं.

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा वेगळा उभा आहे आणि तो तोंडपाठ पाहिजे. १० माणसं असली की अंतर्गत समिती, अध्यक्ष वरिष्ठ महिला, किमान निम्म्या सदस्य महिला, एक सदस्य बाहेरची. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत, चौकशी ९० दिवसांत. कंपनीची बस आणि कॅन्टीन हीसुद्धा कामाची जागाच, आणि कंत्राटातली झाडूवाली ताईसुद्धा या कायद्यात येते. एचआरनं दोघांना समोर बसवून "जाऊ दे, मिटवून टाका" म्हणायचं नसतं. समेट फक्त तक्रार करणारीनं मागितला तर, आणि पैसे देऊन तर नाहीच.

पायरी पाचवी: शिस्त आणि चौकशी

इथं एक्झिक्युटिव्ह आणि मॅनेजर यांच्यातला फरक दिसतो. लाइनवर भांडण झालं, सुपरवायझरच्या अंगावर कुणी धावून गेला. प्रॉडक्शनचे साहेब फोन करतात, "आत्ताच्या आत्ता गेटबाहेर काढा." मॅनेजरनं तेव्हा पहिली गोष्ट करायची ती म्हणजे घटनेच्या ठिकाणी जायचं, आणि त्याच पाळीत, माणसं घरी जायच्या आधी, साक्षीदारांचे जबाब त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी कुणाला काही आठवत नाही. आठवलं तरी सांगत नाही.

पुढचा क्रम ठरलेला आहे. कारणे दाखवा नोटीस, उत्तर, समाधानकारक नसेल तर आरोपपत्र, चौकशी अधिकाऱ्याची नेमणूक, तारखा, कंपनीचे साक्षीदार, कामगाराला किंवा त्याच्या प्रतिनिधीला उलटतपासणीची पूर्ण संधी, त्याचे साक्षीदार, निष्कर्ष, प्रस्तावित शिक्षेवर दुसरी नोटीस, मग आदेश. निलंबित ठेवलं असेल तर पहिले ९० दिवस निम्मा निर्वाह भत्ता, त्यानंतर कामगाराच्या चुकीनं विलंब झाला नसेल तर ७५ टक्के. नव्या संहितेनं तर निलंबनातली चौकशी ९० दिवसांत संपवायलाच सांगितलंय.

आरोपपत्र कसं लिहावं यावर मी नव्या मुलांचे तासन् तास घेते. "आपण वरिष्ठांशी उद्धट वर्तन केले" हे वाक्य कामगार न्यायालयात पाच मिनिटं टिकत नाही. उद्धट म्हणजे काय? असं लिहा: "आपण दिनांक अमुक रोजी दुसऱ्या पाळीत रात्री ९.१० वाजता प्रेस क्रमांक ४ बंद केला. सुपरवायझरने कारण विचारले असता आपण त्यांची कॉलर धरून पुढील शब्द उच्चारले", आणि ते शब्द, शिवीसकट, अवतरणात. शिवी लिहायला हात कचरतो, माझाही कचरायचा. पण 'अर्वाच्य शब्द' लिहिलं की समोरचा वकील विचारतो, कुठला शब्द?

आणि चौकशी करणारा तुम्ही, आरोप लिहिणारे तुम्ही, निकाल देणारेही तुम्हीच, असं कधी करू नका. चौकशी अधिकारी बाहेरचा असू द्या.

पायरी सहावी: युनियन आणि करार

पुण्याच्या पट्ट्यात वेतनकरार बहुधा तीन वर्षांचा असतो. मुदत संपायच्या आधी युनियन मागणीपत्र देते, मग महिनोन् महिने बैठका. मॅनेजरला इथं चहा पाजता येऊन भागत नाही, आकडे मांडता यावे लागतात. समजा ३०० कामगार आहेत आणि १०,०००च्या वाढीवर गाडी आलीय. सगळी वाढ पहिल्या दिवसापासून दिली तर तीन वर्षांचा खर्च १० कोटी ८० लाख. तीच वाढ पहिल्या वर्षी ६,०००, दुसऱ्या वर्षी आणखी २,०००, तिसऱ्या वर्षी आणखी २,००० अशी फोडली तर ८ कोटी ६४ लाख. दोन कोटींचा फरक फक्त वाढ कशी फोडली त्यात आहे. याच्यावर पीएफ, ग्रॅच्युइटी, ओटी, रजेचे पैसे यांचा बोजा वेगळा. युनियनच्या अध्यक्षालाही हे गणित येतं, हे गृहीत धरूनच बसा.

वाढ मूळ पगारात पडते की भत्त्यात, यावरून खरी ओढाताण होते, आणि मेडिक्लेममध्ये आईवडील घ्यायचे की नाही यावर रात्री जागाव्या लागतात. माझ्या मते आईवडिलांचा विमा ही कंपनीला सगळ्यात स्वस्त आणि कामगाराला सगळ्यात मोलाची गोष्ट आहे, ती शेवटच्या हुकमासाठी राखून ठेवू नये, आधीच द्यावी. माझ्या काही सहकाऱ्यांना हे पटत नाही.

सही कुठं होते हेही महत्त्वाचं. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार सगळ्या कामगारांना लागू होतो, युनियनमध्ये नसलेल्यांनाही. आपापसात केलेला करार फक्त सही करणाऱ्या पक्षांना बांधतो. दोन गट असलेल्या कारखान्यात हा फरक विसरलात तर करारानंतर वर्षभर दुसऱ्या गटाची पत्रं वाचत बसावं लागतं.

पायरी सातवी: मॅनेजर होताना बदलतं काय

साधारण आठ-दहा वर्षांत एक्झिक्युटिव्ह, सीनियर एक्झिक्युटिव्ह, असिस्टंट मॅनेजर, डेप्युटी मॅनेजर असं करत माणूस मॅनेजर होतो. लहान कंपनीत हुद्दा पाच वर्षांत मिळतो, पण तिथं मॅनेजर म्हणजे हाताखाली एक मुलगा आणि एक प्रिंटर. हुद्द्यापेक्षा किती माणसांचा कारखाना, युनियन आहे का, करार तुम्ही केलात का, हे विचारलं जातं.

मॅनेजरला प्लांट हेडच्या बैठकीत आकड्यांत बोलावं लागतं. गैरहजेरीचंच घ्या: ३०० माणसं गुणिले २६ दिवस म्हणजे ७,८०० मनुष्यदिवस, त्यातले ६२४ बुडाले, म्हणजे ८ टक्के. हे सांगून थांबलात तर क्लार्क. कुठल्या आठवड्यात, कुठल्या विभागात, कुठल्या गावची माणसं, हे सांगितलंत तर मॅनेजर. मराठवाड्याची मुलं जास्त असतील तर दसरा-दिवाळीच्या मध्ये सोयाबीनची काढणी, जूनमध्ये पेरणी, चैत्र-वैशाखात गावच्या जत्रा, मे महिन्यात लग्नं. मी दर जानेवारीत कामगारांच्या गावांच्या जत्रांचं एक कॅलेंडर करते आणि प्रॉडक्शन प्लॅनिंगला देते. आधी हसायचे. आता डिसेंबरातच मागतात. रजा आधी मंजूर करून बदली माणूस तयार ठेवला की 'आजी वारली' असले अर्ज आपोआप कमी होतात.

भरतीचा भागही असाच. कारखान्यात ३० किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. तेव्हा जवळच्या आयटीआयच्या निदेशकांशी ओळख ठेवा, वर्षातून दोनदा तिथं जाऊन या. पोर्टलवरच्या शंभर बायोडेटांपेक्षा त्यांनी हाताला धरून पाठवलेली चार मुलं टिकतात.

पुढचे फाटे

मॅनेजरनंतर रस्ता फुटतो. कामगार संबंधांत जीव रमत असेल तर प्लांट एचआर हेड, मग अनेक कारखान्यांचा आयआर (औद्योगिक संबंध) प्रमुख. गणित आवडत असेल तर वेतनरचना आणि लाभ. ही माणसं कमी आहेत आणि त्यांना मागणी आहे. प्रशिक्षणाचा फाटा सुखाचा, पण मंदी आली की पहिली कुऱ्हाड तिथंच पडते. पुण्यात हिंजवडी-खराडीला, म्हणजे आयटीत, जायचं असेल तर दुनिया वेगळी. तिथं युनियनऐवजी नोटिस पिरियड, ऑफर घेऊन न येणारे उमेदवार आणि सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण हेच रोजचे विषय. कारखान्यातून आयटीत जाणारा पहिलं वर्ष चाचपडतो, तरी निभावतो. उलटा प्रवास मात्र फार थोडे करतात, कारण तिसऱ्या पाळीचा फोन रात्री अडीचला येतो.

सरकारी बाजूला कामगार अधिकाऱ्याची पदं आहेत, कामगार कायद्यांचा डिप्लोमा तिथंही उपयोगी. आणि पन्नाशीनंतर स्वतःची लेबर कन्सल्टन्सी काढणारेही बरेच. दहा-पंधरा लहान कारखान्यांची चलनं आणि रजिस्टरं सांभाळायची, चौकशी अधिकारी म्हणून बसायचं. वर सांगितलेली सगळी कंटाळवाणी कामं स्वतःच्या हातानं केलेली असली तरच ते जमतं.

नोकरी बदलताना स्वतःची फाईल मात्र नीट ठेवा: नेमणूकपत्र, प्रत्येक वेतनवाढीचं पत्र, फॉर्म १६, रिलिव्हिंग लेटर, आणि आधीच्या पीएफ खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख पडली का ते. हजारभर लोकांच्या तारखा मी भरल्या असतील. माझ्या स्वतःच्या एका जुन्या नोकरीची तारीख चार वर्षं रिकामीच होती, आणि ती मला दाखवली आमच्या टाइम ऑफिसला नव्यानं लागलेल्या मुलानं.